पुनर्वापराची उपकरणे आणि जंतुसंसर्ग : अस्थिशल्यचिकित्सेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १८६५ ते २०१६)

गोषवारा

शस्त्रक्रियेत वापरलेले उपकरण स्वच्छ करून पुन्हा दुसऱ्या रुग्णासाठी वापरणे ही शल्यचिकित्सेतील अत्यंत जुनी आणि अपरिहार्य अशी पद्धत होय. या पद्धतीतून होणाऱ्या जंतुसंसर्गाची जाणीव केव्हा झाली, ती कशी बदलत गेली आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्या कक्षेबाहेर काय राहून गेले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अस्थिशल्यचिकित्सा ही शाखा या अभ्यासासाठी मुद्दाम निवडली आहे. आधुनिक जंतुविरोधी शस्त्रक्रियेचा आरंभ मोडलेल्या हाडाच्या उपचारातून झाला, आणि जंतुसंसर्गाची सर्वांत मोठी किंमतही याच शाखेतील रुग्णांना मोजावी लागते. निर्जंतुकीकरणाच्या यंत्रांचा इतिहास विपुल लिहिला गेला. परंतु उपकरणे धुण्याच्या श्रमाचा इतिहास उपेक्षित राहिला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अस्थिशल्यचिकित्सा, निर्जंतुकीकरण, ऑटोक्लेव्ह, टूर्निकेट, वैद्यकाचा सामाजिक इतिहास.

१. प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लुई पाश्चर, रॉबर्ट कॉख, जोसेफ लिस्टर ही नावे शालेय पाठ्यपुस्तकांपासून आपल्या परिचयाची आहेत. जंतूंचा शोध लागला, जंतुनाशके आली, पुढे वाफेची यंत्रे आली आणि शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, अशी एक सरळ रेषा आपल्या मनात तयार झालेली असते. प्रत्यक्षातील इतिहास मात्र इतका सरळ नाही. एका ठिकाणचा धोका ओळखला गेला की लक्ष तेथे केंद्रित होते आणि दुसऱ्या ठिकाणचा धोका नजरेआड होतो, असे या इतिहासात वारंवार घडलेले दिसते.

अस्थिशल्यचिकित्सेत करवत, छिद्रक म्हणजे ड्रिल, हाडाची पोकळी रुंद करणारे रीमर, हातोडी, छिन्नी, चिमटे अशी अनेक उपकरणे लागतात. सुताराच्या पेटीशी त्यांचे असलेले साम्य अनेकांनी नोंदविले आहे. ही उपकरणे महाग असतात आणि वर्षानुवर्षे वापरली जातात. एका रुग्णाच्या हाडाचा चुरा, रक्त आणि मेद ज्या पोकळीतून वाहिला, तीच पोकळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हाडात शिरते. त्यामुळे दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात त्या उपकरणाचे काय होते, हा प्रश्न तांत्रिक तर आहेच, पण तो तितकाच सामाजिक आणि नैतिकही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची दखल घ्यावी लागते ती याच कारणासाठी.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) अस्थिशल्यचिकित्सेतील उपकरणांच्या जंतुसंसर्गाविषयीची जाणीव कालक्रमाने कशी विकसित झाली, हे पाहणे.
(२) प्रत्येक टप्प्यावर कोणता धोका ओळखला गेला आणि कोणता दुर्लक्षित राहिला, याचे विश्लेषण करणे.
(३) भारतीय रुग्णालयांतील पुनर्वापराच्या प्रश्नाकडे या इतिहासाच्या आधारे पाहणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वैद्यकीय इतिहासावरील ग्रंथ, प्रकाशित संशोधनपर लेख आणि अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे या साधनांचा आधार घेतला आहे. वैद्यकीय उपचारांविषयी मार्गदर्शन करणे हा या निबंधाचा हेतू नाही.

३. पूर्वपीठिका

भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे वर्णिली असून सर्व यंत्रांत हाताला प्रधान स्थान दिले आहे. अस्थिभंगाचे प्रकारही तेथे तपशीलवार येतात. व्रणासाठी धूपनाचा उपयोग सांगितलेला आहे. यावरून प्राचीन भारतीयांना जंतुशास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळणे इतिहासलेखनाच्या शिस्तीला धरून होईल. धूपनामागील कल्पना वेगळी होती आणि सूक्ष्म जंतूंची संकल्पना वेगळी. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की, व्रणाचे बाह्य दूषणापासून रक्षण करावे ही जाणीव येथे फार पूर्वीपासून होती.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जखमेत पू होणे स्वाभाविक मानले जाई. विशिष्ट प्रकारचा घट्ट पू तर जखम भरून येण्याचे शुभचिन्ह समजला जात असे. शस्त्रवैद्याचा अंगरखा रक्ताने जितका माखलेला, तितका त्याचा अनुभव मोठा, अशी धारणा होती. व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि मातांचे मृत्यू लक्षणीय रीतीने घटले. तथापि त्याचे म्हणणे दीर्घकाळ स्वीकारले गेले नाही.

या काळाचे विदारक चित्र एडिंबरो येथील जेम्स सिम्प्सन याने १८६९ मध्ये आकड्यांच्या आधारे मांडले. मोठ्या रुग्णालयांत झालेल्या २,०८९ अवयवच्छेदनांपैकी ८५५ रुग्ण दगावले होते, म्हणजे मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. याउलट ग्रामीण भागात, बहुधा रुग्णाच्या घरी, झालेल्या २,०९८ अवयवच्छेदनांत २२६ मृत्यू झाले होते, म्हणजे प्रमाण ११ टक्क्यांहूनही कमी होते. शेतकऱ्याच्या झोपडीत पाय कापून घेणे हे सुसज्ज रुग्णालयात कापून घेण्यापेक्षा अधिक सुरक्षित होते, असाच याचा अर्थ होतो. सिम्प्सनने रुग्णालयाच्या इमारतींना आणि तेथील गर्दीला दोष दिला. एकच करवत, एकच स्पंज आणि एकच हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होता, ही बाब आज आपल्याला या आकड्यांत स्पष्ट दिसते.

४. लिस्टर आणि उघडा अस्थिभंग

त्वचा फाटून हाड उघडे पडलेला अस्थिभंग हा त्या काळी जीवघेणा आजार होता. बंद अस्थिभंग झालेला रुग्ण सहसा बरा होई; परंतु त्वचा फाटली की पू, ताप आणि अवयवच्छेदन हा क्रम ठरलेला असे. दोहोंतील हा फरक जोसेफ लिस्टरला महत्त्वाचा वाटला. हाड तेच, मोडणेही तेच. मग फरक बाहेरून आत जाणाऱ्या कशाचा तरी असला पाहिजे. पाश्चरच्या किण्वनावरील संशोधनाने त्याला या प्रश्नाचे उत्तर सुचविले.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो रॉयल इन्फर्मरीमध्ये जेम्स ग्रीनलीज या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेल्याने झालेल्या उघड्या अस्थिभंगावर लिस्टरने कार्बोलिक आम्लाने भिजवलेली पट्टी लावली. पाय वाचला. १८६७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याने उघड्या अस्थिभंगाचे ११ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९ जणांचे प्राण व अवयव दोन्ही वाचले होते. पुढे त्याने आपल्या अवयवच्छेदनांचे आकडेही दिले. जंतुविरोधी पद्धतीपूर्वी ३५ रुग्णांत १६ मृत्यू, तर नंतर ४० रुग्णांत ६ मृत्यू झाले होते.

लिस्टरच्या पद्धतीत उपकरणे कार्बोलिक द्रावणात बुडवून ठेवली जात. परंतु त्याचा मुख्य भर जखमेवर आणि हवेवर होता. १८७१ पासून तो शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारू लागला आणि १८९० मध्ये त्याने तो अनावश्यक म्हणून जाहीरपणे सोडून दिला. उपकरणांच्या घडणीकडे मात्र या काळात फारसे लक्ष गेले नाही. करवतींच्या मुठी लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या असत, त्यांवर नक्षीकाम असे आणि त्या मखमलीच्या अस्तराच्या पेटीत ठेवल्या जात. जंतूंना आश्रय देण्यासाठी याहून सोयीची जागा नसेल. तरीही ती पेटी शस्त्रवैद्याच्या प्रतिष्ठेचे चिन्ह होती.

१८७७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात लिस्टरने गुडघ्याच्या वाटीचा बंद अस्थिभंग मुद्दाम उघडून चांदीच्या तारेने सांधला. तत्कालीन दृष्टीने हे साहस अक्षम्य होते. बंद अस्थिभंग स्वतःहून उघडा करणे म्हणजे रुग्णाला मृत्यूच्या दारात नेणे होय, असे मानले जाई. रुग्ण बरा झाला. हाडात धातू ठेवण्याचे युग येथून मोकळे झाले आणि त्याबरोबरच जंतुसंसर्गाचा एक नवा अध्यायही उघडला.

५. वाफेचे आगमन आणि उपकरणांचे बदललेले रूप

१८८० मध्ये अ‍ॅबर्डीन येथील अलेक्झांडर ऑग्स्टन याने पुवात द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे जंतू पाहिले. पुढे त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव मिळाले. अस्थिशल्यचिकित्सेतील जंतुसंसर्गाचे हे प्रमुख कारण आजही कायम आहे. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख आणि त्याचे सहकारी यांनी बर्लिन येथे निर्जंतुकीकरणाचे पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कार्बोलिकवर सर्वांची श्रद्धा होती, ते जंतूंच्या बीजाणूंना सहजी मारत नाही, असे त्यांत आढळले. कोरड्या उष्णतेने बीजाणू मारण्यास १४० अंश सेल्सिअसवर तीन तास लागत. वाफ मात्र तेच काम फार थोड्या वेळात करी.

वाफेच्या दाबाचे पात्र नवे नव्हते. डेनिस पापिन याने १६७९ मध्ये तयार केलेले पात्र हाडे मऊ करण्यासाठी होते, हा एक सूचक योगायोग म्हणता येईल. त्याच तत्त्वावर पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८७९ च्या सुमारास ऑटोक्लेव्ह सिद्ध केले. बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बर्गमान आणि त्याचा सहायक कुर्ट शिमेलबुश यांनी वाफेचे निर्जंतुकीकरण शस्त्रक्रियागृहाच्या नित्यक्रमात आणले. धातूची उपकरणे एक टक्का सोड्याच्या उकळत्या पाण्यात ठेवावीत, म्हणजे ती गंजत नाहीत, ही सूचना शिमेलबुशचीच. मलमपट्टीचे साहित्य वाफेत ठेवण्यासाठी त्याने वापरलेला झडपांचा गोल डबा पुढे जगभर गेला. आपल्याकडील शस्त्रक्रियागृहांत ‘ड्रम’ या नावाने ओळखला जाणारा डबा याच परंपरेतील आहे.

या बदलाचा एक परिणाम इतिहासकाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. उकळते पाणी आणि वाफ यांत लाकूड व हस्तिदंत टिकेना. त्यामुळे उपकरणे संपूर्ण धातूची झाली, नक्षी गेली, मुठी गुळगुळीत झाल्या, सांधे सुटे करता येऊ लागले. निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीने उपकरणाचे रूप ठरविले, असा हा काळ होता. पुढील काळात हा क्रम उलटला. उपकरण आधी घडविले जाऊ लागले आणि ते स्वच्छ कसे होणार, हा प्रश्न नंतर विचारला जाऊ लागला. प्रस्तुत विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

६. शरीरातील धातू आणि जंतूंची अल्पसंख्या

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील विल्यम आर्बथनॉट लेन याने १८९० च्या दशकापासून मोडलेली हाडे स्क्रू व पोलादी पट्ट्यांनी जोडण्यास आरंभ केला. जखमेत जाणाऱ्या उपकरणाच्या टोकाला, किंवा जखमेत राहणाऱ्या धातूला, हाताचा स्पर्शही होता कामा नये, हा त्याचा दंडक होता. त्यासाठी त्याने लांब दांड्यांची उपकरणे बनवून घेतली. बेल्जियममध्ये आल्बँ लांबोत याने याच सुमारास अस्थिसंधानाचा पाया घातला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘एओ’ या अभ्यासगटाची स्थापना झाली आणि प्रमाणित उपकरणसंचांची पद्धत रूढ झाली. एका पेटीत डझनावारी उपकरणे आणि शेकडो स्क्रू. यातील मोजकेच स्क्रू एका शस्त्रक्रियेत लागत; उरलेले त्याच पेटीतून पुनःपुन्हा धुतले आणि वाफवले जात.

शरीरात धातू ठेवल्याने जंतुसंसर्गाचे गणितच बदलते, हे या काळात हळूहळू उलगडले. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी दाखवून दिले की, निरोगी त्वचेत पू निर्माण होण्यास लक्षावधी जंतू लागतात. परंतु तेथे रेशमी टाक्याचा एक धागा असेल, तर काही शे जंतूही पुरेसे ठरतात. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या प्रक्रियेला शर्यतीची उपमा दिली. रोपणाचा पृष्ठभाग आधी कोण व्यापणार, शरीराच्या पेशी की जंतू, यावर रोपणाचे भवितव्य ठरते. जंतूंनी पृष्ठभाग व्यापला, तर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थरात प्रतिजैविके प्रभावी ठरत नाहीत.

अन्य शस्त्रक्रियेत क्षम्य ठरेल इतका सूक्ष्म दूषितपणा अस्थिशल्यचिकित्सेत अक्षम्य ठरतो, हा याचा मथितार्थ होय. रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर त्याचा अर्थ दुसरी शस्त्रक्रिया, रोपण काढून टाकणे, अनेक महिन्यांची औषधे, रोजगार बुडणे आणि काही वेळा अवयव गमावणे असा होतो.

७. हवेकडे वळलेले लक्ष

लिस्टरने सोडून दिलेला हवेचा प्रश्न विसाव्या शतकात जॉन चार्नली यांनी पुन्हा उपस्थित केला. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात कृत्रिम खुब्याच्या शस्त्रक्रिया करताना सुरुवातीस त्यांना सुमारे ७ ते ९ टक्के रुग्णांत जंतुसंसर्ग आढळला. त्यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारला आणि शस्त्रवैद्याचा उच्छ्वास बाहेर खेचणारे पोशाख तयार केले. १९७० च्या सुमारास हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. १९८२ मध्ये लिडवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८,००० हून अधिक सांधेरोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या हवेत १.५ टक्के, तर अतिशुद्ध हवेत ०.६ टक्के रुग्णांत खोल जंतुसंसर्ग झाल्याचे त्यातून दिसले.

या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. हवेतील जंतूंचा मोठा भाग थेट जखमेत पडत नाही. तो आधी हातांवर आणि मांडून ठेवलेल्या उपकरणांवर बसतो आणि तेथून जखमेत पोहोचतो. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निर्जंतुक उपकरणांचे ट्रे उघडून नुसते ठेवण्यात आले. चार तासांनंतर त्यांपैकी ३० टक्के ट्रे दूषित झालेले आढळले, तर निर्जंतुक कापडाने झाकलेल्या ट्रेमध्ये दूषितपणा आढळला नाही. लक्षावधी रुपयांच्या वायुवीजन यंत्रणेपुढे एका कापडाचे मोल किती, हे येथे ध्यानात येते.

पुढे हवेच्या यंत्रणेविषयीही शंका उपस्थित झाल्या. न्यूझीलंडच्या सांधेरोपण नोंदवहीवर आधारित २०११ च्या अभ्यासात अशा यंत्रणेचा अपेक्षित लाभ दिसला नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांधेरोपणातील जंतुसंसर्ग कमी करण्याच्या हेतूने ही यंत्रणा वापरू नये, असे सुचविले. एका पिढीने निर्णायक मानलेला उपाय दुसऱ्या पिढीने बाजूस ठेवला. लिस्टरच्या फवाऱ्याच्या इतिहासाचीच ही पुनरावृत्ती म्हणता येईल.

८. उपकरणाचा न दिसणारा अंतर्भाग

निर्जंतुकीकरणाच्या यंत्रावरील अतिविश्वासाला पहिला मोठा तडा १९५० च्या दशकात गेला. ब्रिटनमध्ये नफील्ड न्यासाने सहा रुग्णालयांतील निर्जंतुकीकरणाच्या पद्धतींची पाहणी करून १९५८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यातील गंभीर उणिवा उघड झाल्या. वाफ पोहोचण्यासाठी आधी हवा निघून जावी लागते. हवा अडकली, तर यंत्रावरील काटा योग्य तापमान दाखवतो आणि आतील वस्तू मात्र दूषितच राहते. ही हवा निघाली की नाही, हे ओळखण्याची सोपी चाचणी एडिंबरो येथील बोवी व डिक यांनी १९६३ मध्ये दिली. ती आजही वापरली जाते.

दुसरा प्रश्न मळाचा होता. वाफ जंतू मारते, परंतु मळ काढीत नाही. उलट वाळलेले रक्त उष्णतेने धातूवर घट्ट बसते आणि त्याखालील जंतूंचे कवच बनते. ‘आधी स्वच्छता, मग निर्जंतुकीकरण’ हे सूत्र त्यामुळेच महत्त्वाचे ठरते. मात्र या काळात उपकरणे अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. मध्यभागी पोकळी असलेले ड्रिल, स्प्रिंगसारखी वेटोळी असलेले लवचीक रीमर, विजेवर चालणारी यंत्रे, सांध्याच्या आत दुर्बिणीतून काम करणारे शेव्हर. यांच्या अरुंद पोकळ्यांत हाडाचा चुरा अडकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

याचे ठळक उदाहरण २००९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडले. तेथील एका रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने सांध्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांना स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूचा संसर्ग झाला. तपासात शेव्हरच्या मुठीत आणि पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांत, त्या धुऊन व निर्जंतुक करून झाल्यावरही, ऊतींचे अवशेष आढळले. ते पाहण्यासाठी नळीच्या आत जाणारा सूक्ष्म कॅमेरा वापरावा लागला. नेमून दिलेल्या प्रक्रियेतून गेलेले उपकरणही स्वच्छ असेलच असे नाही, हा धडा या घटनेने दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही अशा शेव्हरसंबंधी सावधगिरीची सूचना काढली.

९. जखमेबाहेरचे उपकरण : टूर्निकेट

अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९५० व १९६० च्या दशकांत उपकरणांचे तीन वर्ग केले. निर्जंतुक ऊतींत जाणारी उपकरणे अतिमहत्त्वाची, श्लेष्मल त्वचेला स्पर्श करणारी मध्यम, तर केवळ अखंड त्वचेला स्पर्श करणारी कमी महत्त्वाची. हे वर्गीकरण अत्यंत उपयुक्त ठरले आणि जगभर स्वीकारले गेले. परंतु प्रत्येक वर्गीकरण काही वस्तू प्रकाशात आणते आणि काही अंधारात ढकलते.

टूर्निकेट ही अशीच अंधारात गेलेली वस्तू आहे. हातापायाच्या शस्त्रक्रियेत रक्तप्रवाह तात्पुरता थांबविण्यासाठी हा पट्टा आवळतात. फ्रीडरिश फॉन एस्मार्क याने १८७३ मध्ये लवचीक पट्टीची पद्धत मांडली, तर हार्वे कुशिंग याने १९०४ मध्ये हवेच्या दाबाचा पट्टा प्रचारात आणला. हा पट्टा त्वचेलाच लागतो, म्हणून तो कमी महत्त्वाच्या वर्गात बसला. प्रत्यक्षात तो जखमेपासून काही इंचांवर असतो, घाम व रक्त शोषतो आणि एका दिवसात अनेक रुग्णांना बांधला जातो. २००९ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन रुग्णालयांतील २० टूर्निकेट तपासले असता सर्वच्या सर्व दूषित आढळले. काहींवर औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस होते. जंतुनाशक पुसणीने पुसल्यावर हा दूषितपणा ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

या दूषितपणामुळे किती रुग्णांना प्रत्यक्ष संसर्ग झाला, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तरीही केवळ पुसण्याने टळणारा धोका एवढा काळ दुर्लक्षित का राहिला, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर असे देता येईल की, करवत धुणे कोणाचे काम आहे हे ठरलेले होते. पट्टा पुसणे कोणाचे काम आहे, हे ठरलेले नव्हते.

१०. भारतीय संदर्भ

मराठी समाजाच्या स्मरणात जंतुनाशके ठसली ती शस्त्रक्रियागृहातून नव्हे, तर १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीतून. घरे रिकामी करणे, सामान जाळणे, भिंतींवर जंतुनाशके फवारणे या सक्तीने निर्माण झालेला रोष आणि पुण्यातील रँडच्या हत्येपर्यंत गेलेला त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. स्वच्छता ही शासनाने बाहेरून लादलेली गोष्ट म्हणून येथे अनुभवास आली. रुग्णालयातील दैनंदिन शिस्त म्हणून ती रुजण्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही.

लहान शहरांतील व तालुक्यांच्या ठिकाणांतील अनेक रुग्णालयांत उकळत्या पाण्याचा स्टरिलायझर, वाफेचा ड्रम आणि फॉर्मेलिनच्या गोळ्यांची पेटी ही त्रिसूत्री दीर्घकाळ चालत आली. वाफेत न टिकणाऱ्या विजेच्या तारा, ड्रिल व दुर्बिणी फॉर्मेलिनच्या पेटीत ठेवल्या जात. हा वायू अरुंद पोकळीत नीट शिरत नाही, त्याला पुरेसा ओलावा व अनेक तासांचा अवधी लागतो. दिवसात तीन-चार शस्त्रक्रिया असतील, तर तो अवधी मिळत नाही. शस्त्रक्रियेचे ड्रिल परवडत नाही म्हणून सुतारकामाचे ड्रिल निर्जंतुक कापडात गुंडाळून वापरण्याची पद्धतही काही विकसनशील देशांत आढळते. तिला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. युगांडातील कंपाला येथील शस्त्रवैद्य आणि कॅनडातील व्हँकुव्हर येथील अभियंते यांनी अशा ड्रिलसाठी वाफेत टिकणारे बंदिस्त आवरण विकसित केले. निर्जंतुकीकरणाच्या गरजेतून उपकरणाचे रूप ठरविण्याचा एकोणिसाव्या शतकातील मार्गच येथे पुन्हा अनुसरलेला दिसतो.

सर्व उपकरणे एकदाच वापरून टाकून द्यावीत, हा पाश्चात्त्य देशांत पुढे आलेला उपाय आपल्याकडे सरसकट लागू होणार नाही. त्याचा खर्च अखेर रुग्णावर पडतो आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा प्रश्न त्यातून वाढतो. पुनर्वापर हे आपले वास्तव आहे. म्हणून प्रश्न पुनर्वापर करावा की नाही हा नसून, तो कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या शिस्तीने चालतो, हा आहे.

येथे एका सामाजिक वास्तवाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आपल्या समाजात मळ, रक्त आणि घाण यांना स्पर्श करण्याचे काम विशिष्ट जातींकडे सोपविले गेले आणि ते हलके मानले गेले. रुग्णालये आधुनिक झाली. परंतु कामाची ही प्रतवारी पूर्णपणे मोडली नाही. शस्त्रवैद्याचे नाव पाटीवर असते. रीमरच्या पोकळीतून ब्रश फिरवणारा कर्मचारी मात्र अनेक ठिकाणी अप्रशिक्षित, कंत्राटी आणि अल्पवेतनी असतो. रुग्णाची सुरक्षितता मात्र दोघांच्याही हातांवर सारखीच अवलंबून असते. सुश्रुताने प्रधान यंत्र मानलेला हात कोणाचा, हा प्रश्न या संदर्भात नव्याने विचारावा लागेल.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :
(१) जंतुसंसर्गाच्या धोक्याचे मानलेले स्थान काळानुसार बदलत गेले. जखम, हात, उपकरणाचा पृष्ठभाग, हवा, उपकरणाचा अंतर्भाग आणि जखमेबाहेरची वस्तू असा हा प्रवास आहे.
(२) प्रत्येक नव्या उपायाने निर्माण केलेला विश्वास हाच पुढील दुर्लक्षाचे कारण ठरला. कार्बोलिकचा फवारा, ऑटोक्लेव्हचा काटा आणि अतिशुद्ध हवेची यंत्रणा ही त्याची उदाहरणे होत.
(३) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्जंतुकीकरणाच्या गरजेनुसार उपकरणे घडविली गेली. हे तत्त्व पुढे मागे पडले. त्याचे पुनरुज्जीवन आवश्यक आहे.
(४) ट्रे झाकणे, पट्टा पुसणे, पोकळी ब्रशने धुणे यांसारख्या साध्या कृतींचे महत्त्व महागड्या यंत्रणांहून कमी नाही.
(५) उपकरणे स्वच्छ करणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण, वेतन व प्रतिष्ठा हा रुग्णसुरक्षेचाच भाग मानला गेला पाहिजे.

१२. समारोप

सिम्प्सनने १८६९ मध्ये मांडलेल्या आकड्यांना आता दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्या काळी दगावलेल्या ८५५ रुग्णांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत; त्यांच्यावर वापरलेल्या करवती कोणी पुसल्या, हेही ठाऊक नाही. ग्रीनलीजचे नाव मात्र उरले, कारण त्याचा पाय वाचला आणि वाचविणारा हात थोर होता. इतिहासलेखनाची ही स्वाभाविक मर्यादा असली, तरी ती ओलांडण्याचा प्रयत्न व्हावयास हवा. आपल्या परिसरातील जिल्हा रुग्णालये, मिशन रुग्णालये आणि जुने खासगी दवाखाने यांतील शस्त्रक्रियागृहांच्या नोंदवह्या, खरेदीच्या पावत्या आणि निवृत्त परिचारिका व शस्त्रक्रियागृह साहाय्यकांच्या मुलाखती ही या इतिहासाची अस्सल साधने आहेत. ती झपाट्याने नष्ट होत आहेत. महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, सूक्ष्मजीवशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्यांचे संकलन हाती घेतल्यास स्थानिक इतिहासात मोलाची भर पडेल आणि आज ते काम करणाऱ्या हातांची दखलही घेतली जाईल.